सामुराव आणि भिंतीवरचा कोयता

मी एक कोयता. मला तोडायची सवय, बोलायची नाही. तेव्हा सांगता सांगता मधेच तुटलो तर सांभाळून घ्या.

सध्या माझा मुक्काम शिरूर कासारच्या अलीकडच्या एका वस्तीवर, गहिनीनाथ आणि वत्सलाबाई यांच्या दोन खोल्यांच्या घरात आहे. पत्र्याखाली एक खिळा आहे, त्याला मी लटकलेलो असतो. समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे. एका जपानी मालिकेनं या घरात काय उलथापालथ केली, ते मी त्या खिळ्यावरून पाहिलं आणि आता तुम्हाला सांगणार आहे. गहिनीनाथला मी अरेतुरे करतो, कारण त्याचा तळहात मला पाठ आहे. वत्सलाबाईंना करत नाही. त्यांची मला भीती वाटते.

रिवाजाप्रमाणं आधी जन्म सांगतो. मी जन्मानं कोयता नव्हे, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. गेवराईजवळच्या हमरस्त्यावर वाळूखाली दबून माझी कंबर मोडली. ट्रकमध्ये वाळू किती भरली होती ते विचारू नका, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. मग भंगारात पडलो आणि तिथून एका घिसाड्याच्या पालावर आलो. त्यानं मला भट्टीत लाल केलं, सांडशीनं ऐरणीवर धरलं आणि त्याच्या बायकोनं घण घातला. घण घालायच्या आधी तिनं कडेवरचं लेकरू खाली ठेवलं, एवढीच काय ती दया दाखवली. मला वाकवलं, पाणी दिलं, बाभळीची मूठ बसवली. नाव नाही, शिक्का नाही. बाजारात पोत्यावर दहाबारा भावंडांत मांडून ठेवलं.

गहिनीनाथनं मला उचललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि माझ्यात इतक्या खोड्या काढल्या की हा मला घेणार नाही अशी माझी खात्री झाली. नंतर कळलं, तो घ्यायची वस्तूच तेवढी नावं ठेवून घेतो. न घ्यायच्या वस्तूची तारीफ करतो.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या लोकांना ती माहीत नसते. आमच्याकडं ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे मी नव्हे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. मुकादम गावात येतो तेव्हा तो माणसं किती असं विचारत नाही, "किती कोयते?" असं विचारतो. एकटा बाप्या असला तर अर्धा कोयता. एकटी बाई असली तरी अर्धाच. या वस्तीवरून दरवर्षी वीसेक कोयते जातात, म्हणजे चाळीस माणसं जातात, हे तुम्ही मनातल्या मनात दुप्पट करून घ्यायचं. सुरुवातीची काही वर्षं या गोष्टीनं माझी छाती फुगली होती. एवढे हाडामासाचे लोक, आणि त्यांना नाव कुणाचं, तर माझं.

काम सांगतो. दसरा झाला की ट्रक येतो. भांडी, पोती, शेरडं, म्हाताऱ्या, सगळं वर चढतं आणि आम्ही साताऱ्याकडं, सांगलीकडं, कधी कर्नाटकात उतरतो. राहायला कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. मग सहा महिने उसाचा फड. ऊस गोड असतो ही गोष्ट मी ऐकून आहे, पण मला तो तसा कधी भेटला नाही. पाचटानं माणसांचे हात कापतात आणि बुडख्यानं माझी धार जाते. बुडाशी तोडायचं, शेंड्याचं हिरवं वाढं छाटायचं, टाकायचं. वत्सलाबाई मोळ्या बांधायच्या आणि हात मोकळा झाला की त्यांचा कोयता घेऊन त्याही तोडायच्या. त्यांचा तो कोयता गेल्या हंगामात मोडला. बिचारा चांगला होता, पण घमेंडी होता.

गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं, की मी सहा महिने बाजेखाली. कुणी विचारत नाही. माझ्या अंगावर गंज चढतो, पोटावर कोळी जाळं विणतो. मग खंडेनवमीला मला धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात, समोर नारळ ठेवतात. एक दिवस देव आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटात. ज्यांच्यावर पोट चालतं त्यांच्याशी माणसं असंच वागतात, मला तक्रार नाही. थोडी आहे.

तर गहिनीनाथचा हात.

दोन हंगामांमागं मला जाणवलं की पकड सैल पडते आहे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, आणि सकाळी हात थरथरायचा. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं गहिनीनाथला वाटायचं. दोष त्यानं माझ्यावर ढकलला. मूठ वाईट म्हणाला, दुसरी बसवली. तीही वाईट म्हणाला, सायकलची ट्यूब गुंडाळली. ट्यूब घामानं निसटते म्हणाला, वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. शेवटी माझी मूठ एवढी जाड झाली की मला माझीच लाज वाटायला लागली.

गेल्या हंगामात, साताऱ्याकडच्या एका फडात, भरदुपारी मी त्याच्या हातातून सुटलो. सुटलो म्हणजे उडालोच. शेजारी वत्सलाबाई वाकून मोळी बांधत होत्या. मी त्यांच्या मानेजवळून गेलो आणि खांद्यावरचा पदर फाडून मातीत रुतलो. त्यांनी फाटका पदर हातात घेऊन पाहिला, कंबरेला खोचला आणि पुन्हा मोळी आवळायला लागल्या. गहिनीनाथ म्हणाला, मूठ लई घाण हाय.  त्या दिवसापासून त्या त्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहायच्या बंद झाल्या. मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. पुढच्या हंगामात पदर नसेल, मान असेल.

यंदा परत आल्यावर, आषाढात, टीव्ही आला. त्यांचा मुलगा प्रविण पुण्याकडं एका कंपनीत आहे, त्यानं आणला. भिंतीला भोक पाडायचं यंत्र त्यानं शेजारच्या गावातून मागून आणलं होतं. टीव्हीसाठी बाज सरकवली तेव्हा मी उघडा पडलो, म्हणून मला उचलून समोरच्या भिंतीवर पत्र्याखालच्या खिळ्याला लावलं. बाजेखालून मी थेट पहिल्या रांगेत आलो. डिशची छत्री पत्र्यावर बसली, प्रविण पुण्याला गेला, आणि राहिले तिघं. गहिनीनाथ, वत्सलाबाई आणि छबुबाई. छबुबाई म्हणजे वत्सलाबाईंची थोरली जाऊ, शेजारच्याच घरात एकटी राहते, पोरगा वेगळा निघाला आहे. तिच्याकडं टीव्ही नाही, पण रिमोट कायम तिच्या हातात.

तिनंच एके संध्याकाळी ती मालिका लावली. जपानची, जुन्या काळची, हिंदीत बोलणारी. एका सामुराईची जन्मापासूनची कहाणी होती. सामुराई हा शब्द छबुबाईच्या कानात शिरताना वाकला आणि सामुराव होऊन बाहेर पडला. अर्जुनराव, तसा सामुराव. त्याचं खरं नाव बरंच लांब होतं आणि डबिंगवाले दरवेळी ते वेगळं उच्चारायचे, त्यामुळं तिघांनी सामुरावच पक्कं केलं. छबुबाईचं म्हणणं पडलं की आडनाव काही कळत नाही, पण माणूस खानदानी दिसतो. डोक्याच्या मधोमध तुळतुळीत केलेलं आणि शेंडी पुढं आडवी घातलेली बघून ती आधी हसली, पण लोक चपला बाहेर काढून घरात जातात आणि खाली बसून जेवतात हे पाहिल्यावर म्हणाली, चांगल्या घरची माणसं हायेत.

वत्सलाबाईंना शंका आली.

"खानदानी हाय तर रोज दुसऱ्याच्या दारात गुडघं टेकून कशाला बसतंय?"

"आगं, मुकादम हाय त्यो त्याचा," गहिनीनाथ म्हणाला.

आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. चारपाच भागांनंतर तो मालक, उंच पाटावर बसलेला, दुसऱ्या मालकाला सांगत होता, "मेरे पास तीन सौ तलवारें हैं." पडद्यावर एकही तलवार दिसत नव्हती. खाली मान घालून माणसंच बसली होती. गहिनीनाथ सावरून बसला. म्हणाला, घ्या, हितं बी तसंच मोजतेत. त्या संध्याकाळपासून सामुराव त्याचा माणूस झाला. मालिका लागली की तो बाजेवर नीट मांडी घालून, टोपी घालून बसायचा. पाहुण्यांसमोर बसतात तसं.

माझं मत विचाराल तर मला ती मालिका आवडली नाही. कारण तलवार. तिचं नाव होतं चाँदनी. लाकडाच्या म्यानात झोपायची, सामुराव तिला कापसानं पुसायचा, तेल लावायचा, उजेडात धरून तिच्याकडं इतका वेळ बघायचा की त्याची बायको चहा ठेवून निघून जायची. जवळजवळ तीस भागांत ती दोनतीनदाच म्यानाबाहेर आली. एकदा तर अंगणात वाळक्या गवताची पेंढी उभी करून सामुरावनं ती एका घावात कापली आणि सगळं गाव डोळे पुसायला लागलं. वाळकं गवत. मी खिळ्यावर नुसता जळत होतो. आमच्या फडात या बाईला अर्धा दिवस ठेवा, मग दाखवा चाँदनी. तिकडं तलवारीला माणसासारखं नाव ठेवतात आणि इकडं माणसांना माझं नाव ठेवतात, एवढाच काय तो दोन देशांतला फरक मला दिसला.

मग श्रावण संपता संपता सामुरावच्या हाताला लढाईत मार बसला.

जखम भरली, पण हात थरथरायला लागला. तो कुणाला सांगेना. एकदा जेवताना त्याच्या हातातली चहाची वाटी पडून फुटली. त्याची बायको काही बोलली नाही. खापऱ्या गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला लाकडी वाटीत चहा दिला. बस, एवढाच भाग. कुणी मेलं नाही, कुणी घोड्यावर बसलं नाही. छबुबाई म्हणाली की आज काहीच झालं नाही. गहिनीनाथ उठून बाहेर गेला. वत्सलाबाई मात्र जाहिराती संपेपर्यंत तिथंच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गहिनीनाथला चहा स्टीलच्या पेल्यात दिला. तीस वर्षं तो कपबशीतून चहा पितो आहे, फुंकर मारत, आवाज करत. पेला बघून तो थबकला.

"कप कुठं गेले?"

"फुटले," वत्सलाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

कप फळीवर होते. सहाच्या सहा. मला दिसत होते आणि त्यालाही दिसत होते. त्यानं पेला दोन्ही हातांत धरला आणि चहा संपवला. मग दिवसभर तो घरात थांबला नाही.

त्यानंतर या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. नवराबायको एकमेकांशी जे बोलत नव्हते ते सामुरावच्या नावानं बोलायला लागले. गहिनीनाथ म्हणायचा, सामुरावला काही झालेलं नाही, थंडीनं होतं तसं. वत्सलाबाई म्हणायच्या, जपानात आत्ता उन्हाळा चाललाय, बाया पंखे हलवतायत. गहिनीनाथ म्हणायचा, मालिश केली की हात मोकळा होईल. त्या म्हणायच्या, मालिश करून एखाद्याचं मुंडकं उडवलं म्हणजे बरं. छबुबाईला यातलं काही कळत नव्हतं. ती सामुरावसाठी औषधं सुचवायची. हळद भाजून बांधा, निरगुडीचा शेक द्या, बीडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. एकदा तिनं कुठल्याशा बाबाचा अंगाराही सांगितला.

एका संध्याकाळी सामुराव एकटा अंगणात चाँदनी घेऊन उभा होता आणि ती त्याच्या हातातून गळून पडली. त्याची बायको कागदाच्या दाराआडून बघत होती.

"त्याचा हात काय गेलेला न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "लोकं उगं बोलतेत."

"त्याच्या बायकूला इचारा."

"ती कुठं काय बोलती?"

"बोलंना म्हणूनच तर इचारा," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्यानं विचारलं नाही. त्या रात्री जेवताना त्यानं डाव्या हातानं घास घेतला आणि वत्सलाबाईंनी न पाहिल्यासारखं केलं. मला दोघांचाही राग आला. मी लोखंड आहे, मला बोलता येत नाही, पण यांना काय झालं होतं?

भादवा गेला, घट बसले. वस्तीवर बोलणी सुरू झाली, कोण कुठल्या कारखान्याला, कोणाची टोळी. आमच्या टोळीचा मुकादम बंकट. माणूस वाईट नाही. नात्यानं लांबचा भाचा लागतो, गहिनीनाथला मामा म्हणतो. यंदाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, या घरानं अजून घेतलेली नव्हती. वत्सलाबाईंनीच कधी प्रविण येऊ द्या, कधी अमावस्या जाऊ द्या, असं करून ती लांबवली होती. आणि तिकडं जपानात मालकानं नवी लढाई काढली होती. सगळ्या तलवारी अमुक दिवशी वाड्यावर हजर, असा सांगावा आला होता.

शेवटचा भाग खंडेनवमीलाच आला. सकाळी मला धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं. या खेपेला पूजा वत्सलाबाईंनी केली आणि कुंकू लावताना माझ्या पात्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. धार पाहायला नव्हे. त्या काहीतरी ठरवत होत्या. पूजा झाल्यावर पाटावर ठेवायचं सोडून त्यांनी मला पुन्हा खिळ्याला लावलं.

संध्याकाळी तिघं बसले. पडद्यावर सामुराव पांढरे कपडे घालून बसला होता. समोर ताटलीत एक छोटी सुरी, कागदात गुंडाळलेली. हात चालत नाही हे मालकापुढं सांगणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून तो पोट फाडून घेणार होता. त्यांच्याकडं ते मोठं मानाचं समजतात म्हणे. बायको पलीकडच्या खोलीत बसलेली, हात मांडीवर.

"इज्जतीचा माणूस हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"तलवार धरायला हात चालंना म्हणून पोट फाडायला निघालंय," वत्सलाबाई म्हणाल्या. "मंग पोट फाडायला हात बरा चालतोय."

छबुबाईला हसू आलं आणि तोंडातला शेंगदाणा घशात गेला. तिची पाठ थोपटायला वत्सलाबाई उठल्या, तेवढ्यात दारात बंकट आला. वस्तीवरची घरं करत करत आला होता. त्याच्या घरीही सामुराव बघत असावेत, कारण येताच त्यानं विचारलं, मेलं का? नाही म्हटल्यावर चपला काढून बाजेच्या कडेला बसला. सामुरावनं सुरी उचलली आणि जाहिरात लागली. केसांच्या तेलाची.

जाहिरातीत बंकटला काम आठवलं.

"मामा, यंदा तुमचा कोयता धरू ना?"

धरू म्हणजे मोजू. गहिनीनाथनं टीव्हीकडं पाहिलं. तेलाच्या बाईचे केस वाऱ्यावर उडत होते. त्याचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. मला त्याची नखंसुद्धा दिसत होती.

"धर," तो म्हणाला.

वत्सलाबाई उठल्या आणि टीव्ही बंद केला. रिमोट छबुबाईकडं होता, म्हणून सरळ भिंतीवरचं बटण दाबलं. छबुबाईनं आ वासला.

"बंकट, कोयता त्यो बघ, भिंतीला हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "न्ह्यायचा तर घेऊन जा. आमी दोघं मातर हितंच ऱ्हाणार हाव."

बंकटनं माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस कोयते मोजतो आहे, पण कोयता म्हणून माझ्याकडं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. कपाळाला कुंकू, अंगावर गंजाचे डाग, मुठीला ट्यूब आणि धोतराची पट्टी. मला वाटलं, हा आता खरंच उठतो आणि मला काखेत मारतो. पण त्याचा चेहरा पडला. एकटं लोखंड घेऊन फडात तो काय करणार होता? त्यानं मामाकडं पाहिलं, कारण असल्या गोष्टी बाप्यांनी ठरवायच्या असतात अशी आमच्याकडं समजूत आहे.

गहिनीनाथ संतापेल असं मला वाटत होतं. बायकोनं मुकादमासमोर असं बोलणं ही साधी गोष्ट नाही. त्यानं मांडीखालचा हात बाहेर काढला. काढला आणि तसाच समोर धरला. हात थरथरत होता. त्यानं तो थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"हात चालंना, बंकट. दोन सालं झाली."

सामुराव ज्या वाक्यासाठी पोट फाडायला निघाला होता ते वाक्य एवढंच होतं. ते बोलून गहिनीनाथ मेला नाही. उलट त्यानं श्वास सोडला, आणि तो सोडलेला श्वास मला खिळ्यापर्यंत ऐकू आला.

बंकटनं त्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाला, मामा, सांगायचं न्हाई व्हय. आणि मग तोंडाला जी सवय होती ती सुटली.

"मंग मामीचा अर्धा कोयता धरू का?"

"ती तुला अर्धी कुठून दिसली बे?" गहिनीनाथ म्हणाला.

ओरडून नाही म्हणाला. पण बंकट उठून उभा राहिला आणि छबुबाईनं डोक्यावरून पदर ओढला. वत्सलाबाई चुलीकडं वळल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. चहाचं पाणी ठेवायला त्यांनी पातेलं घेतलं, ते त्यांच्या हातून सुटून खाली पडलं आणि घरभर आवाज झाला. त्यांचे हात चांगले आहेत.

चहा झाला. बंकट गेला. तेव्हा कुठं छबुबाईला भान आलं आणि तिनं धावत जाऊन बटण दाबलं. टीव्हीवर एक माणूस सिमेंटची गोणी थोपटत होता. मालिका संपली होती. छबुबाई तीन दिवस वत्सलाबाईंशी बोलली नाही. तीन महिने पाहिलेल्या माणसाचं काय झालं ते तिला कळलं नाही, हे दुःख काही लहान नव्हे. चवथ्या दिवशी ती कुठून तरी विचारून आली आणि सांगायला लागली की सामुरावनं शेवटी पोट फाडलंच, मालक घोड्यावरून बघायला आला, आणि तलवार देवळात ठेवली. गहिनीनाथ शेरडाला चारा टाकत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बायकूला इचारलं असतं तर बरं झालं असतं येड्याचं.

दसऱ्यानंतर ट्रक आला. वस्ती रिकामी झाली. छबुबाईसुद्धा पोराबरोबर गेली, नातवंडं सांभाळायला. घरांना कुलपं, दारात कुत्री. आणि ही दोघं मागं. गेली तीस वर्षं दसऱ्यानंतर ही दोघं कधी आपल्या गावात राहिलेली नव्हती. पहिले काही दिवस त्यांना काही सुधरेना. पहाटे तीनला उठून बसायची, आणि जायचं कुठं हे न समजून पुन्हा आडवी व्हायची. दोन एकर कोरडवाहू, चार शेरडं, प्रविणचा फोन, एवढ्यावर चाललं आहे. ओढाताण आहे. खोटं कशाला सांगू?

पण एक गोष्ट सांगतो. या घराच्या मागं एक बोरीचं झाड आहे. वत्सलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून आहे. पाडव्याला परत आलं की त्याच्याखाली वाळलेल्या बिया पडलेल्या असायच्या, त्या झाडून टाकायच्या, एवढाच त्यांचा आणि त्या झाडाचा संबंध. पौषात एके दिवशी त्या मागं गेल्या तर झाड पिवळं-तांबडं झालेलं. त्यांनी हाक मारून गहिनीनाथला बोलावलं आणि मला खिळ्यावरून काढलं. माझ्या वाकड्या टोकात फांदी अडकवून खाली ओढली. गहिनीनाथनं डाव्या हातानं बोरं तोडली. वत्सलाबाईंनी एक तोंडात टाकलं आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आवं, ही गोड हायेत. तीस वर्षं घरामागं गोड बोरं होती आणि खाल्ली गावातल्या शेळ्यांनी. मला फार वाईट वाटलं. लोखंडालाही वाटतं. मग त्या हसायला लागल्या, त्यामुळं मला पुढं वाईट वाटायला वेळ मिळाला नाही.

सध्या मी चारा तोडतो, नारळ फोडतो, बोरीची फांदी वाकवतो. धार गेली आहे, कुणी लावत नाही. संध्याकाळी टीव्ही लागतो. त्या चॅनलनं सामुराव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आहे. तो तरणा आहे, हात चांगला आहे, आणि गहिनीनाथ त्याला रोज शिव्या घालत शहाणपण शिकवतो. चाँदनी अजून तशीच आहे. जाऊ द्या तिला.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर घरी या. पौषात आलात तर बोरं मिळतील, चहा कपातही मिळेल आणि पेल्यातही. माझी एवढीच विनंती आहे, दारात उभं राहून घरातल्या माणसांना त्यांच्या नावानं हाक मारा. कोयता म्हणून हाक माराल, तर यापुढं ओ फक्त मी देणार आहे.